भाजीच्या वाफ्याला लाकूड कोणते?

मे महिन्याच्या अखेरीस रोहा तालुक्यात राब भाजून झालेले असतात, शेतकरी पावसाची वाट पाहत असतो आणि घरामागच्या परसात काकडी, पडवळ, शिराळी, भेंडी यांच्या वाफ्यांची तयारी सुरू होते. रोहा, कोलाड, नागोठणे या पट्ट्यात मुंबई-पुण्याच्या अनेक कुटुंबांनी सुट्टीपुरती घरे घेतली आहेत. त्यांच्या आवारातही अलीकडे भाजीचे वाफे दिसतात. फरक इतकाच, की गावातला वाफा मातीचा असतो आणि शहरी मंडळींच्या वाफ्याला लाकडी चौकट असते. फळ्यांची फूटभर उंचीची पेटी करायची, तिच्यात माती आणि शेणखत भरायचे आणि त्यात भाजी लावायची, अशी ही पद्धत आहे.

पद्धत चांगली आहे. अडचण लाकडाची आहे. ही चौकट ज्या लाकडाची करायची ते वर्षातले चार महिने पाण्यात भिजणार, त्याला ओली माती सतत चिकटून राहणार आणि त्याच मातीतून आलेली भाजी ताटात येणार. म्हणून 'हे लाकूड किती वर्षे टिकेल?' या प्रश्नाआधी 'हे लाकूड कशामुळे टिकते?' हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

गादीवाफ्याची गरज

रोह्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सपाट जमिनीत पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि भेंडी-मिरचीसारखी रोपे बुडापासून कुजतात. कृषिशास्त्रात ज्याला गादीवाफा म्हणतात, तो उंचवट्याचा वाफा यासाठीच करतात. उंचीमुळे जादा पाणी निथळून जाते आणि मुळे मोकळी राहतात. मात्र मुसळधार पावसात मातीचे काठ ढासळतात व वरचा कसदार थर वाहून जातो. चौकट हे काठ धरून ठेवते.

लाकूड का टिकते?

लाकडाचे शत्रू मुख्यतः दोन, बुरशी आणि वाळवी. दोन्हींना ओलावा मानवतो आणि कोकणात त्याची वाण नाही. या शत्रूंपुढे लाकूड टिकते ते दोन कारणांनी. काही झाडे आपल्या गाभ्याच्या लाकडात स्वतःच अशी द्रव्ये साठवतात, की बुरशी व किडे त्यापासून दूर राहतात. साग हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. इतर लाकडांना माणूस बाहेरून रसायन पाजतो आणि त्यांचे आयुष्य वाढवतो.

देहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचा नैसर्गिक टिकाऊपणा मोजण्यासाठी त्याचे खुंट अर्धवट जमिनीत गाडून वर्षानुवर्षे तपासले जातात. या पद्धतीला 'स्मशान चाचणी' असे नाव आहे. सरासरी १२० महिने किंवा त्याहून अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या वर्गात आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात गणले जाते. साग पहिल्या वर्गात येतो, तर आंबा आणि सावर तिसऱ्या वर्गात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हे वर्गीकरण गाभ्याच्या लाकडाचे असते. सालीलगतचे पांढरट लाकूड कोणत्याही झाडाचे असो, ते लवकर किडते. दहा-पंधरा वर्षांच्या लागवडीच्या सागात हे पांढरे लाकूडच पुष्कळ असते. त्यामुळे 'सागवानी' म्हणून विकत घेतलेली फळी दोन-तीन पावसाळ्यांत पोखरली गेली, तर दोष जातीचा नसून वयाचा असतो.

देहराडूनचाच आणखी एक शोध

रसायन पाजलेल्या लाकडाच्या इतिहासातही देहराडूनचे नाव येते. सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये तेथे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे एक मिश्रण सिद्ध केले. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक वाळवीला आणि तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीला मारते, तर क्रोमियम या दोहोंना लाकडाच्या तंतूंशी जखडून ठेवते. बंद टाकीत दाबाखाली हे द्रावण लाकडात खोलवर शिरवले जाते. तारायंत्राचे व विजेचे खांब, धक्क्यांचे खुंट, कारखान्यांतील कूलिंग टॉवर अशा ठिकाणी साध्या लाकडाचे आयुष्य या शोधाने कित्येक पटींनी वाढवले. सीसीए या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे हे मिश्रण पुढे जगभर वापरले गेले. लाकडाच्या परिरक्षणासंबंधीच्या 'आयएस ४०१' या भारतीय मानकातही त्याचा समावेश आहे.

खांबासाठी जे योग्य, ते भाजीच्या वाफ्यासाठी योग्य असतेच असे नाही. क्रोमियमने जखडलेले आर्सेनिक पूर्णपणे अडकून राहत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर त्याचा अल्प अंश झिरपत राहतो आणि पाणी आम्लधर्मी असेल तर अधिक झिरपतो. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रातील संशोधकांनी १९९७ मध्ये अशा लाकडाच्या ओसऱ्यांखालची माती तपासली. तिच्यात किलोमागे सरासरी ७६ मिलिग्रॅम आर्सेनिक आढळले. जवळच्याच, लाकडाचा संबंध न आलेल्या मातीत हे प्रमाण ४ मिलिग्रॅमच्याही आत होते.

आर्सेनिक हे माणसात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात गणले जाते. अमेरिकेत उत्पादकांनी पर्यावरण संरक्षण खात्याशी केलेल्या समझोत्यानुसार २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी सीसीए लाकडाचे उत्पादन थांबवले. युरोपीय संघाने २००४ पासून त्यावर कडक निर्बंध घातले.

याचा अर्थ अशा वाफ्यातली एक काकडी खाल्ल्याने कोणी आजारी पडेल असा नव्हे. वनस्पती आर्सेनिक शोषतात ते मुख्यतः मुळांत साठते. पालेभाज्यांत त्याचा काही अंश चढतो. वांगी, टोमॅटो, काकडी अशा फळभाज्यांत सर्वांत कमी. खरा धोका मातीचा असतो. नीट न धुतलेल्या मुळ्याला किंवा माठाच्या जुडीला चिकटलेली माती आणि वाफ्यात खेळणाऱ्या लहान मुलांचे हात, यांच्या वाटे आर्सेनिक पोटात जाते. वर्षानुवर्षे थोडे थोडे जाणारे हे विष टाळणे सहज शक्य असताना पत्करण्याचे कारण नाही.

सीसीए लाकूड नवे असताना हिरवट दिसते. दोन-चार वर्षांत ऊन-पावसाने तो रंग जातो आणि ते कोणत्याही जुन्या लाकडासारखे करडे होते. मग डोळ्यांनी ओळख पटत नाही. म्हणून वखारीत हिरवट छटेचे पाइनवूड दिसले तर त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे ते विचारावे आणि कारखान्याच्या मोडलेल्या कूलिंग टॉवरचे किंवा जुन्या खांबांचे लाकूड कितीही स्वस्त मिळाले तरी भाजीसाठी घेऊ नये.

रेल्वेचे जुने स्लीपर

रोह्याचे नाव रेल्वेशी जोडलेले आहे. येथूनच कोकण रेल्वेचा आरंभ होतो. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या या मार्गावर स्लीपर काँक्रीटचे आहेत. देशातील जुन्या मार्गांवरून निघालेले लाकडी स्लीपर मात्र लिलावातून भंगारवाल्यांकडे आणि तेथून फार्म हाऊसच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचत आले आहेत. जाडजूड, जड आणि जुनाट रूपाचे हे ओंडके बागेत शोभतात, हे खरे.

साल, देवदार, चीड अशा लाकडांचे स्लीपर रेल्वे वापरत असे. त्यांतील पुष्कळांना क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल पाजलेले असे. या तेलात शेकडो संयुगे असतात आणि त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. युरोपात सामान्य ग्राहकांना क्रिओसोट विकण्यास २००३ पासून बंदी आहे. कडक उन्हात अशा स्लीपरमधून काळपट तेल पाझरते आणि डांबरी वास येतो. हे तेल रोपांच्या मुळांनाही अपायकारक असते. ज्या स्लीपरला ही प्रक्रिया झालेली नव्हती, त्यांच्यावरही वंगणाची पुटे चढलेली असतात. पायवाटेच्या कडेला किंवा बसण्याच्या कट्ट्यालाही ते लावू नयेत. अंगाला लागणारे क्रिओसोट त्वचेला त्रासदायक असते.

पॅलेट आणि खोकी

रायगड जिल्ह्यात उरणजवळ न्हावा शेवा बंदर आहे आणि रोह्यालगत धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. अशा जिल्ह्यात मालाखालच्या लाकडी पॅलेट आणि पॅकिंगची खोकी स्वस्तात, कधी फुकटही मिळतात. इंटरनेटवरील छायाचित्रे पाहून त्यांचे वाफे करण्याचा मोह अनेकांना होतो.

परदेशी जाणाऱ्या वा तेथून येणाऱ्या पॅलेटवर आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा, गव्हाच्या ओंबीचे चित्र असलेला शिक्का असतो. २००२ मध्ये ठरलेल्या नियमानुसार अशा लाकडातील किडी मारलेल्या असाव्या लागतात. शिक्क्यात रोमन लिपीतील 'एच' आणि 'टी' ही अक्षरे असतील, तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले असते. यात रसायन नसते. 'एम' आणि 'बी' ही अक्षरे असतील, तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. हा वायू बहुतांशी उडून जातो. तथापि भाजीसाठी असे लाकूड न घेणेच बरे.

उष्णता दिलेली पॅलेटही आपोआप निर्धोक ठरत नाही. शिक्का पॅलेट तयार होतानाचा असतो. त्यानंतर तिच्यावर काय ठेवले गेले आणि काय सांडले, हे तो सांगत नाही. रंग, कीटकनाशके, आम्ले यांची पिंपे वाहिलेल्या पॅलेटमध्ये ती द्रव्ये मुरलेली असू शकतात. डाग, वास किंवा तेलकटपणा असलेली पॅलेट नाकारावी. जिचा पूर्वेतिहास कळत नाही तीही नाकारावी. शिवाय तापवल्याने किडी मरतात, पण टिकाऊपणा वाढत नाही. कोकणच्या पावसात पॅलेटच्या पातळ पाइनच्या पट्ट्या एक-दोन पावसाळे काढतात, इतकेच.

जुन्या घराचे लाकूड

कौलारू घरे पाडली जातात तेव्हा निघणारे वासे, तुळया आणि फळ्या हा कोकणातला लाकडाचा जुना व खात्रीचा साठा. पन्नास-साठ वर्षे वाळलेले सागाचे किंवा ऐनाचे गाभ्याचे लाकूड आज नवे मिळणे कठीण. वाफ्यासाठी ते उत्तम. पण त्यावर पूर्वी काय फासले होते ते पाहिले पाहिजे.

पहिला प्रश्न रंगाचा. जुन्या तैलरंगांत शिसे असे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग असलेली फळी वाफ्याला लावू नये. तो घासून काढण्याचा प्रयत्नही घरी करू नये, कारण घासताना उडणारी शिशाची धूळ अधिक घातक असते.

दुसरा प्रश्न काळ्या ऑइलचा. गाडीच्या इंजिनातून काढलेले जळके ऑइल वाशांना व कुंपणाच्या खांबांना फासण्याची रीत कोकणात सर्रास आढळते. त्याने वाळवी काही काळ दूर राहते, परंतु या तेलात जड धातू आणि क्रिओसोटमध्ये असतात तशीच काही संयुगे असतात. तिसरा प्रश्न वाळवीच्या पावडरीचा. पूर्वी घरोघरी वापरली जाणारी गॅमेक्झिन पावडर म्हणजे बीएचसी हे कीटकनाशक. त्यावर भारतात १९९७ पासून बंदी आहे, पण असे पदार्थ लाकडात आणि मातीत दीर्घकाळ राहतात. घरमालकाकडे किंवा घर पाडणाऱ्या सुताराकडे चौकशी केल्यास या गोष्टी सहसा कळतात. न रंगवलेले, तेल न पाजलेले लाकूड मिळाले तर ते अवश्य घ्यावे.

प्लायवूडची समजूत

'मरीन प्लाय' पाण्यात टिकतो म्हणून तो वाफ्यासाठी निवडणारे पुष्कळ आहेत. परंतु 'आयएस ७१०' या मानकाच्या सागरी प्लायवूडला परिरक्षक रसायनाची प्रक्रिया अपेक्षितच असते. त्याचा टिकाऊपणा डिंकाइतकाच या रसायनाचाही असतो. साध्या प्लायवूडचे व पार्टिकल बोर्डचे थर ओल्या मातीत सुटतात आणि त्यांतील फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंकाचा चुरा मातीत मिसळतो. फर्निचरसाठी मिळणारे रबरवूड बहुधा बोरॉनची प्रक्रिया केलेले असते. बोरॉन माणसाला आर्सेनिकइतके घातक नाही, परंतु ते पावसात धुऊन जाते. मग लाकूड किडते, आणि मातीत साठलेले जादा बोरॉन रोपांची पाने करपवते.

कोणते लाकूड घ्यावे?

वखारीत सागाखेरीज सर्व लाकडाला 'रायवळ' म्हणून एकाच रांगेत बसवले जाते. वाफ्याच्या दृष्टीने मात्र त्यात पुष्कळ भेद आहेत.

गाभ्याचा साग सर्वांत टिकाऊ आणि निर्धोक, पण महाग. फणसाचे पिवळे लाकूड कोकणात घरांसाठी व देवळांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. वाळवी त्याला सहजी लागत नाही. जांभूळ पाण्यात टिकते. विहिरीच्या तळाशी जांभळाचे लाकूड घालण्याची जुनी चाल याच अनुभवातून आली. ऐन आणि किंजळ ही स्थानिक सुतारांच्या नित्य हाताखालची लाकडे. त्यांच्या गाभ्याच्या जाड फळ्या वाफ्याला चांगल्या चालतात. आंबा, सावर, सुरू आणि प्रक्रिया न केलेले पाइन विषारी नाही. ते फक्त लवकर कुजते. दोन पावसाळ्यांनंतर फळी बदलण्याची तयारी असेल, तर या लाकडांना हरकत घेण्याचे कारण नाही.

नारळ-पोफळीच्या वाडीत पडलेल्या झाडांची खोडे उभी चिरून वाफ्याच्या कडेला लावता येतात. बांबूही तसाच. जमिनीशी संपर्क आल्यास प्रक्रिया न केलेला बांबू साधारण दोन वर्षांत निकामी होतो. तोडल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिष्ट निघून जाते आणि पोखरकिडा कमी लागतो. बाजारात मिळणारा प्रक्रिया केलेला बांबू घेताना मात्र लाकडासारखीच रसायनाची चौकशी करावी.

आपल्या जागेतले झाड तोडून फळ्या काढण्याचा विचार असेल, तर कायदा पाहावा. महाराष्ट्रातील १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात साग, ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, आंबा, खैर हे अनुसूचित वृक्ष आहेत. ते खासगी जमिनीतले असले तरी तोडण्यास परवानगी लागते. वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर वन कायद्याच्या व्याख्येत 'वृक्ष' राहिलेला नाही. वखारीतून लाकूड घेताना पावती घ्यावी. त्यामुळे मालाची जात आणि उगम या दोन्हींची जबाबदारी विक्रेत्यावर राहते.

चौकट करताना

फळी किमान दीड इंच जाडीची असावी. वाफ्याची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त ठेवू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि मातीत पाय द्यावा लागत नाही. फळ्यांखाली चार बोटे खडीचा थर दिल्यास पाणी निथळते आणि लाकडाचे आयुष्य वाढते. तळाला प्लास्टिक घालू नये. खिळ्यांऐवजी जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू वापरावेत, म्हणजे कुजलेली फळी तेवढी बदलता येते.

लाकडाला तेल लावायचेच असेल, तर जवसाचे कच्चे तेल लावावे. रंगाच्या दुकानातील 'डबल बॉइल्ड' तेलात ते लवकर सुकावे म्हणून धातूंची संयुगे मिसळलेली असतात. वाळवीसाठी इमारतीच्या पायात ओतली जाणारी औषधे भाजीच्या वाफ्याजवळ वापरू नयेत.

वाफा आधीच केलेला असेल तर

संशयास्पद लाकडाचा वाफा आधीच तयार असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. त्यातून मुळा, गाजर, बीट आणि पालेभाज्या हलवाव्यात व मोगरा, अबोली, झेंडू लावावा. फळभाज्या ठेवायच्या असतील, तर फळीपासून फूटभर अंतरावर ठेवाव्यात आणि भाजी स्वच्छ धुऊन घ्यावी. मातीची शंका असेल, तर तपासणी करून घ्यावी. कृषी विज्ञान केंद्र रोह्यातच किल्ला येथे आहे. तेथे मार्गदर्शन घेता येते. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश, सामू असे घटक पाहतात. आर्सेनिक व शिशाची तपासणी वेगळी सांगून करवून घ्यावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काढलेल्या फळ्या जाळू नयेत. रायगडात राब भाजण्याची परंपरा आहे. पालापाचोळा व शेण जाळून झालेली राख जमिनीला पोषक असते, म्हणून वाया गेलेले लाकूडही त्याच आगीत टाकले जाते. सीसीए लाकूड जाळल्यास काही आर्सेनिक धुरावाटे श्वासात जाते आणि उरलेले राखेत एकवटते. ती राख भाताच्या रोपवाटिकेत किंवा भाजीला घालणे म्हणजे लाकडातून हळूहळू झिरपणारे विष एकदम मातीत ओतणे होय. अशा लाकडाचा भुसाही कंपोस्टमध्ये टाकू नये.

खात्रीचे लाकूड मिळत नसेल, तर लाकडाचा आग्रह सोडावा. जांभ्या दगडाचे चिरे, विटा किंवा शेतातल्या दगडांचा बिनचुन्याचा गडगा यांनी वाफ्याचे काठ तितकेच चांगले राखले जातात. लाकूडच हवे असेल, तर माहितीतल्या झाडाचे, न रंगवलेले, रसायन न पाजलेले लाकूड घ्यावे. ते पाच वर्षांनी कुजले, तर कुजलेली फळी त्याच वाफ्यात खत म्हणून पुरता येते. रसायन पाजलेल्या लाकडाच्या बाबतीत ही सोय नाही.